पळीभर ढग

ढग पांढरा दिसतो म्हणून तो स्वच्छ असतो, हा समज पहिल्यांदा कुणी पसरवला देव जाणे. चित्रकारांनी पसरवला असेल, नाहीतर साबणाच्या जाहिराती करणाऱ्यांनी. हेमांगी केळुसकरचाही तोच समज होता, आणि ती तर ढगांची डॉक्टर होती. बाकीचे लोक ढग खालून बघतात, ती वरून बघायची. 'शीतमेघ' प्रकल्पाच्या छोट्या विमानाच्या पोटाला एक काचेची खिडकी होती. त्या खिडकीतून लेझरचे ठोके खाली समुद्रावर पडत आणि ढगांवर, धुळीवर, हवेतल्या बारीकसारीक कणांवर आपटून परत येत. परत आलेल्या उजेडावरून खाली काय तरंगतंय ते हेमांगी सांगायची. ह्या यंत्राला लायडार म्हणतात. विमानातल्या लोकांच्या मते हेमांगी लायडारशी जितकं बोलायची तितकं माणसांशी बोलत नसे.

शीतमेघ प्रकल्पाची गरज का पडली ते सांगायला नको. कोकणातले उन्हाळे असे झाले होते की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे, आणि समुद्र इतका तापला होता की बांगड्याने किनाऱ्याकडे पाठ फिरवली होती. तेव्हा डॉ. विद्याधर पोंक्षे यांनी उपाय काढला. समुद्रात बिनमाणसांचे तराफे सोडायचे, त्यांनी खाऱ्या पाण्याचा अतिसूक्ष्म फवारा हवेत उडवायचा. पाणी सुकतं, मिठाचा कण उरतो, आणि त्या कणाभोवती ढगाचा थेंब धरतो. कण जितके जास्त, तितके थेंब जास्त आणि बारीक. खडीसाखरेचा खडा काचेसारखा दिसतो, पण तोच कुटून पिठीसाखर केली की पांढरीफेक होते. ढगाचंही तसंच. थेंब बारीक झाले की ढग पांढरा होतो, ऊन वरच्या वर परतवतो आणि खालचा समुद्र निवतो.

आणि समुद्र निवला होता. तीन उन्हाळ्यांत बांगडा परत आला, दुपारी दुकानं उघडी राहू लागली. पोंक्षे सरांचे फोटो लोकांनी दुकानात गणपतीशेजारी लावले. हेमांगीचं काम एवढंच होतं की दर उड्डाणानंतर ढगातले कण मिठाचेच आहेत असा दाखला द्यायचा. हे काम मोठं नव्हतं, कारण ते यंत्रच करायचं. यंत्राला चार खाती शिकवलेली होती: मीठ, धूळ, धूर आणि गंधक. कण गोल असला, ओला असला आणि उजेड गिळत नसला की यंत्र त्याला मिठाच्या खात्यात ढकलायचं. पाचवं खातंच नव्हतं. आपल्याकडे ज्याला खातं नसतं ते अस्तित्वातच नसतं.

त्या सकाळी विमानात एक नवा डोळा बसवला होता. मच्छीमार सोसायटीने मागणी केली होती की समुद्रावर शेवाळ कुठे दाटलंय ते आम्हाला सांगा, म्हणजे मासळी कुठे आहे ते कळेल. जिवंत पेशींवर डोळ्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश टाकला की त्या स्वतःचा उजेड परत देतात, शेवाळ लाल, जंतू निळसर. मीठ काही देत नाही. नव्या डोळ्याने समुद्रावरचा शेवाळाचा लाल उजेड टिपायचा, एवढंच ठरलं होतं.

पण समुद्र दिसायच्या आधी ढग लागले आणि पडदा निळा झाला.

"कॅप्टन लोबो, विमान दक्षिणेला घ्या जरा," हेमांगी म्हणाली. "तराफे नाहीत तिकडे."

"नवा डोळा पहिल्याच दिवशी आला की काय, मॅडम?" लोबो हसत म्हणाला आणि त्याने विमान वळवलं.

दक्षिणेचे ढग पडद्यावर काळे होते. ते पुन्हा तराफ्यांवर आले आणि पडदा निळा झाला. हेमांगीने काच पुसली, डोळा बंद करून चालू केला, लोबोकडून आणखी फेऱ्या मारून घेतल्या. यंत्र ठणठणीत होतं. जिथे शीतमेघचा ढग होता, तिथे त्या ढगात काहीतरी जिवंत होतं, आणि ते शेवाळ नव्हतं. शेवाळाचा उजेड लाल असतो. हा निळा उजेड कशाचा ते हेमांगीला ठाऊक होतं. सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत शिकलेला माणूस तो विसरत नाही. मैल्यातल्या जंतूंचा उजेड असा असतो.

विमान उतरलं तेव्हा हँगरमध्ये नेहमीप्रमाणे तांब्याचा कलश तयार होता.

हा प्रकार कसा सुरू झाला तेही सांगतो. विमानाच्या पंखाखाली ढगातलं पाणी गोळा करायची एक नळी होती. पहिल्या यशस्वी उड्डाणानंतर पोंक्षे सरांनी थट्टेत ते पाणी तांब्याच्या कलशात ओतलं, वर तुळशीचं पान टाकलं आणि पळीने सगळ्यांच्या हातावर घातलं. "घ्या, मेघतीर्थ!" थट्टेची प्रथा झाली, प्रथेची बातमी झाली आणि बातमीची भक्ती झाली. लोक बाटल्या घेऊन हँगरच्या फाटकाशी येऊ लागले. बारशाला मेघतीर्थ, वास्तुशांतीला मेघतीर्थ, परीक्षेला निघालेल्या पोराच्या जिभेवर मेघतीर्थ. जगातली सर्वांत नाजूक उपकरणं त्या हँगरमध्ये होती, हवेतला एकेक कण मोजणारी माणसं होती, पण कलशातलं पाणी तपासावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. पाणी वरून आलं आणि तांब्याच्या भांड्यात बसलं की आपल्याकडे ते तीर्थ होतं. मग त्याची तपासणी करणारा नास्तिक ठरतो.

हेमांगीच्या तळहातावर पळी रिकामी झाली. रोज ती डोळे मिटून घ्यायची, आज तिचे डोळे उघडे होते. पाणी नितळ होतं. नुसतं नितळ नव्हे, चांगलं गार आणि सुरेख होतं, आणि म्हणूनच ती ते प्यायली नाही. बाकीच्यांनी चटकन पिऊन हात डोक्यावरून फिरवले. पोंक्षे सरांनीही आपल्या हातावर पळी घेतली, हात तोंडाशी नेला आणि डोक्यावरून फिरवला.

त्यांचे ओठ मिटलेले होते. गळ्याची घाटी हलली नव्हती. पाणी सगळंच्या सगळं केसांवर गेलं होतं.

हेमांगीने मूठ मिटली आणि ती बाहेर गेली. हँगरच्या मागे काजूच्या झाडाला धरून ती ओकली. दोन वर्षं ती ते पाणी प्यायली होती. ओकून होणार काय होतं? पण पोटाला हिशेब कळत नाही.

कलशाच्या तळाशी उरलेलं पाणी तिने एका नळीत भरून घेतलं आणि कुडाळच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीवर जंतू वाढवायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी बशीवर ठिपके उगवले होते. जांभळट ठिपके, आणि त्यांच्यावर धातूसारखी हिरवी चकाकी. माशीच्या पाठीवर असते ना, तशी. माणसाच्या आतड्यात राहणारा जंतू ह्या बशीत असाच चकाकतो. बारावीचं पोरही तो ओळखेल.

ती बशी तिने पोंक्षे सरांच्या टेबलावर ठेवली. सर चहा पीत होते. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग कप बाजूला सरकवला.

"झाकण लाव त्यावर," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं, सर."

"बस आधी."

"तुम्ही पीत नाही. मी पाहिलं परवा."

पोंक्षे सर तसे वाईट दिसणारे गृहस्थ नव्हते. शांत आवाज, स्वच्छ सदरा, कुणाच्याही घरी गेले तर स्वतःचा कप विसळून ठेवणारे. त्यांनी काहीही लपवायचा प्रयत्न केला नाही. हेमांगीला वाटलं, निदान खोटं बोलले असते तरी बरं झालं असतं.

"पहिलं वर्ष आपण शुद्ध मीठच उडवलं," ते म्हणाले. "काही झालं नाही. ढग तसेच मरतुकडे. मग एक तराफा भरकटला आणि खाडीच्या तोंडाशी जाऊन अडकला. तिथे शहराचं गटार समुद्रात उतरतं."

कुठल्या शहराचं, ते मी सांगणार नाही. वाचकांनी आपापलं धरावं.

"त्या तराफ्यावरचा ढग दुप्पट पांढरा झाला, हेमांगी! मला दोन दिवस कळेना. मग उलगडलं. मैल्यातला स्निग्धांश, साबण, चरबी. पाण्यावर त्याची साय धरते, बुडबुडा फुटताना त्याच्या चिंध्या होतात. एका थेंबाचे शंभर होतात. निसर्गात एवढा उत्तम फवारा मी पाहिलेला नाही. आता तराफ्यांच्या टाक्या आपण तिथूनच भरतो. शहराची घाण जाते, आपला समुद्र निवतो."

"जंतू मारता आले असते."

"क्लोरीन घातलं की तीच साय तुटते. करून पाहिलं. ढग पडतो."

"ते ढग किनाऱ्यावर येतात, सर. त्यांची भुरभुर खाली पडते. विहिरींवर पडते. वाळत घातलेल्या मासळीवर पडते."

"ऊन लागतं, निम्मे जंतू मरतात. थोडी पोटं बिघडतात, मान्य आहे. पण उष्माघाताने माणसं मरत होती ती आठवतात का तुला? शेतात शेणखत घालतोच ना आपण? भात खाताना शेण आठवतं का?"

"शेणखताचं तीर्थ करून नाही पाजत कुणी," हेमांगी म्हणाली.

सर पहिल्यांदा ओशाळले. "ते थांबवता आलं नाही मला. लोकांना नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं?"

"खरं सांगायचं."

"खरं सांगितलं तर लोक ओकतील आणि प्रकल्प बंद पाडतील. मग पुढच्या उन्हाळ्यात मरतील. लोकांच्या किळसेपायी मी लोकांना मरू देऊ?" त्यांनी बशी एका बोटाने तिच्याकडे ढकलली. "रविवारी निवतीला कार्यक्रम आहे. अख्ख्या पश्चिम किनाऱ्याला तराफे मिळताहेत. दाखला तुझ्या सहीचा आहे. तुझ्या आबांनाही घेऊन ये. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय त्यांना."

आबांचं नाव त्यांनी सहज काढलं नव्हतं, हे न कळण्याइतकी हेमांगी दुधखुळी नव्हती. वरच्या साहेबांना तिने बशीचा फोटो आणि निळ्या ढगांची चित्रं पाठवली. 'कार्यक्रमानंतर पाहू', असं उत्तर आलं. कार्यक्रम झाल्यावर काय पाहणार, कपाळ?

वेंगुर्ल्याच्या घरी ती पोचली तेव्हा तिचे वडील, आबा, कार्यक्रमाच्या सदऱ्याला इस्त्री करत होते. आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त. त्यांना दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं होतं. शरीराने ते नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी झोपवून ठेवलेली होती. दुसऱ्याचं पोट बिघडेल, तिथे आबांचा जीव जाईल. म्हणून उकळल्याशिवाय पाण्याचा थेंब त्यांच्या तोंडात जात नसे. ती शस्त्रक्रिया जमवून आणली होती पोंक्षे सरांनी. मोठ्या इस्पितळात जागा मिळवली, रक्त दिलं, आबा शुद्धीवर येईपर्यंत बाकावर बसून राहिले. घरचा माणूस करणार नाही तेवढं त्यांनी केलं होतं.

"ह्या खेपेक तीर्थ घेतलंय तर काय होता गो?" आबा म्हणाले. "सगळ्या जगान घेतला, माजीच तेवडी जीभ कोरडी. एक पळीन काय मरतंय?"

"आबा, तां तीर्थ घेव नकात. तेच्यात गू आसा."

इस्त्री सदऱ्यावर तशीच राहिली. करपल्याचा वास आल्यावर आबांनी ती उचलली. हेमांगीने सगळं सांगितलं. निळे ढग, बशी, न हललेली घाटी. आबा ऐकत होते आणि मान हलवत होते.

"तुजी कायतरी चूक झाली," ते शेवटी म्हणाले. "त्या माणसाक मी देव मानतंय. तो असा करूचा नाय."

"तेंनीच सांगितलानी माका."

"मगे तू काय करतलंस?"

"सगळ्यांसमोर सांगतलंय."

"नोकरी जायत. ढगय जायत. बांगडो जायत. लोक तुका जोड्यान मारतीत." आबांनी करपलेला सदरा झटकला, घडी घातली आणि पुन्हा उलगडला. "आनी मी? मी हो जीव कोनाचा म्हणान जगतंय, ठावूक आसा मा तुका?"

हेमांगीला बापाचा राग आला आणि कीवही आली. उपकाराच्या ओझ्याखाली वाकलेलं माणूस समोरच्याचे पायच बघतं, तोंड बघत नाही. जेवताना आबा एकदाच बोलले.

"मी येतलंय रविवारी," म्हणाले.

निवतीच्या वाळूत मोठा मांडव घातला होता. सकाळची वेळ, वर शीतमेघचे ढग एकावर एक रचलेले, आणि त्यांच्या सावलीत बसलेली माणसं खुशीत. व्यासपीठावर मंत्री, मध्ये कलश. पोंक्षे सरांनी भाषण छान केलं. "हे पाणी आभाळानेच गाळून दिलंय," ते म्हणाले. "तान्ह्या बाळाला पाजा, निर्धास्त पाजा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दाखला वाचायला हेमांगीला बोलावलं.

तिने कागद उघडलाच नाही.

"ह्या ढगांत नुसतं मीठ नाही," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, त्याची तिला लाज वाटली. "शहरातल्या संडासांचं पाणी आहे. तराफ्यांत तेच भरतात. तुम्ही जे तीर्थ म्हणून पिता, त्यात मैला आहे. मी तपासलंय. मीही दोन वर्षं प्यायले. आता पिऊ नका."

कुणीतरी मागून हसलं. मंत्र्यांनी पोंक्षे सरांकडे पाहिलं. सर उठले, त्यांनी हेमांगीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक हळूच तिच्या हातातून घेतला.

"पोरगी थकलीय," ते मायेने म्हणाले. "महिनाभर सलग उड्डाणं. यंत्रं कधी कधी चकवतात, माणसालाही चकवतात. मी काय बोलू? मी पिऊनच दाखवतो."

पळीने नव्हे, त्यांनी पेल्याने घेतलं. ह्या वेळी त्यांचे ओठ उघडले. घाटी वर गेली, खाली आली. हेमांगी अगदी शेजारी उभी होती. सरांच्या कपाळावर घाम फुटला, जबडा आवळला गेला, घशात आलेलं त्यांनी परत आत ढकललं आणि लोकांकडे पाहून ते हसले. एवढं किळसवाणं हसू तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जो पितो त्याच्यावर विश्वास ठेवायचा, एवढा साधा हिशेब. रांग लागली. बाया पुढे आल्या, पदर सावरत, उजवा हात पुढे. एकीच्या कडेवर तान्हं पोर होतं आणि तिने त्याचं तोंड आधीच उघडून धरलं होतं. हेमांगीला कुणी हाकलूनही दिलं नाही. ती तिथे असल्याचंच लोक विसरले. इतकं सांगूनही काही झालं नव्हतं, आणि आता तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पहिल्या रांगेतले आबा उठले. करपलेल्या डागाचा सदरा घालून ते रांगेच्या तोंडाशी, त्या तान्ह्या पोराच्या आईपुढे जाऊन उभे राहिले. मान म्हणून लोकांनी त्यांना जागा दिली. आबांनी उजवा तळहात पुढे केला, खाली डावा धरला, जसा देवळात धरतात तसा.

"आबा, नको!" हेमांगी ओरडली.

आबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते पोंक्षे सरांकडे बघत होते. पाय नव्हे, तोंड बघत होते.

सरांनी पळी भरली. ती आबांच्या हातावर आली आणि थांबली. तिच्या टोकाशी थेंब जमला आणि सरांनी पळी चटकन मागे घेतली, पोळल्यासारखी.

"आबा," सर अगदी हळू म्हणाले, "तुम्ही नको."

"कित्याक?"

"तुम्ही राहू द्या. ऐका माझं. घरी जा."

आबांनी हात तसाच ठेवला. एसटी स्टँडवर आयुष्यभर गाड्या पुकारून कमावलेला आवाज त्यांनी लावला, आणि त्या आवाजाला माइकची गरज नव्हती.

"तान्या पोराक चालता म्हनालास मा? मगे माका कित्याक नको?"

सरांच्या पळीतलं पाणी कलशात परत सांडत होतं.

"माका नको, तर मगे ह्या पोराक कित्याक देतास?"

कडेवरच्या पोराच्या आईने पोराचं तोंड आपल्या पदराने घट्ट झाकलं. मागच्या बाईने पुढे केलेला हात मागे घेतला. ज्यांनी आधीच घेतलं होतं ते थुंकू लागले, काहीजण वाळूत बोटं घासू लागले. मंत्री कधी उठून गेले कुणाला कळलं नाही. वर ढग होते तसेच होते, सावली होती तशीच गार होती, आणि पुढचा उन्हाळा कसा जाणार ते त्या मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं.

हेमांगीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पोंक्षे सरांचे डोळे भरले होते, आणि ते नाटक नव्हतं. आबांवर त्यांचा खरोखर जीव होता. ह्या माणसाला माया होती, फक्त ओळखीच्या माणसापुरती. एवढ्या दिवसांत पाहिलेल्या सगळ्या घाणीपेक्षा तिला ह्याचीच जास्त किळस आली.

आबांच्या हातावर थेंबही पडला नव्हता. तरी ते तिच्याजवळ आले ते हात अंगापासून लांब धरून.

"चल गो," ते म्हणाले, "हात धुवया."